गाडी तुमच्या हातात, सर फोनमध्ये

पत्र : माझं वय पंचेचाळीस. मुलं मोठी झाली, आता तरी गाडी शिकायचीच असं ठरवून ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकवणारे सर स्वभावाने शांत आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. सुरुवातीला त्यांचं पूर्ण लक्ष असायचं. मला गिअर जमायला लागले तसा त्यांचा फोन बाहेर यायला लागला. कधी पुढच्या शिकाऊला ‘निघालोच’ म्हणून सांगायचं, कधी मेसेज, कधी नुसतंच बोट वर-खाली. मागच्या आठवड्यात चौकात वळताना समोरून दुचाकी आली आणि मी घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला. सरांनी दचकून मान वर केली आणि त्यांच्या बाजूचा ब्रेक मारला. दुचाकी हातभर अंतरावरून गेली. ‘घाबरू नका, मी आहे ना’ असं म्हणून ते परत फोनमध्ये. एकदा मी हसत हसत विषय काढला, तर म्हणाले, ‘तुमचा हात बसलाय आता, म्हणून तर मी निर्धास्त आहे.’ माझे यजमान म्हणतात, फी भरून झाली, थोडेच दिवस उरलेत, कशाला वाकडेपणा घ्यायचा. मलाही वाटतं, चूक माझीच होती, मग त्यांना कोणत्या तोंडाने बोलू? आणि आणखी एक गोष्ट, जी घरी सांगितलेली नाही. ते फोनमध्ये असले की मला थोडं बरंही वाटतं. कुणी बघत नसलं की माझे हात थरथरत नाहीत. मी बोलू की दिवस काढू?

उत्तर : ताई, ‘जी घरी सांगितलेली नाही’ त्या गोष्टीकडे मी येणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या गप्प बसण्याचं खरं कारण तिथे आहे. पण त्याआधी तो क्लच.

चूक तुमची होती, हे धरून चालू. शिकाऊ माणूस चुकणार हे गृहीत आहे, म्हणूनच ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही ब्रेक असतो आणि मागेपुढे ‘एल’ची पाटी असते. तुमची चूक हा तुमच्या शिकण्याचा भाग आहे. ती वेळेत न दिसणं ही सरांच्या कामातली चूक आहे. दोन्ही एकाच क्षणी घडल्या म्हणून तुम्ही त्यांची एकच मोळी बांधली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. पोहायला शिकवणारा काठावर पेपर वाचत बसला आणि शिकणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तर ‘चूक माझीच, मीच हात नीट मारले नाहीत’ असं आपण म्हणत नाही.

आणि त्या दिवशी नुसता धोकाच झाला असं नाही, शिकायचं एक काम बुडालं. तुम्ही क्लच का दाबलात? वळताना डावा पाय क्लचवर तयार ठेवला होता आणि उजवा अजून ॲक्सिलरेटरवरच होता का? की उजवा पाय नीट ब्रेककडे निघाला होता, पण घाबरल्यावर सवयीचा डावा आधी खाली गेला? की समोरच्या दुचाकीकडे डोळे खिळले आणि पायांचं भानच सुटलं? तिन्हींवर उपाय वेगवेगळा. पहिल्या बाबतीत वळणाच्या आधीच वेग कमी करून उजवा पाय ब्रेकवर आणून ठेवायची सवय लावावी लागते. दुसऱ्यात रिकाम्या रस्त्यावर दहा-वीस वेळा ‘थांबा’ म्हटल्यावर थांबायचा सराव करावा लागतो. तिसऱ्यात नजर लांब ठेवायला शिकवावं लागतं. यातलं नेमकं काय झालं हे त्या दोन सेकंदांत तुमच्या पायांकडे आणि डोळ्यांकडे बघणाऱ्यालाच कळलं असतं. सरांना फक्त शेवट दिसला, म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखं ‘घाबरू नका’ एवढंच होतं. तुम्ही अजूनही त्याच चौकात तीच चूक पुन्हा करू शकता, हे मला त्या हुकलेल्या धडकेइतकंच खटकतं.

‘मी आहे ना’ या वाक्याचा हिशेबही एकदा करून बघा. ताशी ३० किलोमीटर हा काही वेग वाटत नाही, पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात आठ मीटरहून थोडं जास्त जाते. फोनवरून मान वर करायची, समोर काय चाललंय ते समजून घ्यायचं, पाय ब्रेकवर न्यायचा, यात दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत सोळा-सतरा मीटर मागे पडले. त्यांच्या बाजूला ब्रेक आणि क्लच असतो, पण स्टिअरिंग एकच, आणि ते तुमच्या हातात. वेळ आली तर शेजारून हात घालून ते सरळ करावं लागतं. त्या हातात फोन असेल तर आधी तो टाकायचा की आधी स्टिअरिंग धरायचं? चांगला शिकवणारा तुमच्याशी गप्पा मारत असला तरी त्याची नजर सारखी फिरत असते: रस्ता, मागचं आरशातलं, तुमचे डोळे कुठे आहेत, पाय कुठे आहेत. समोरची दुचाकी तुम्हाला दिसली नाही हे त्याला तुमच्या मानेवरून कळतं, गाडी हलायच्या आधी.

फोनवर बोलणाऱ्या चालकांबद्दलचा एक जुना अभ्यास इथे सांगायला हवा. १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापून आला. रेडेलमायर आणि टिबशिरानी या कॅनडातल्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासल्या. फोन चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्स-फ्रीने त्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. म्हणजे तुम्ही बोलल्यावर सर कानात इअरफोन घालून ‘आता हात मोकळे’ म्हणाले, तर ते उत्तर पुरेसं मानू नका. अभ्यास चालवणाऱ्यांवर होता हे खरं. पण तुमच्या गाडीत धोका ओळखायची अर्धी जबाबदारी शेजारच्या सीटवर आहे, तेव्हा तिथलं लक्ष उडालं तर काय होतं हे निराळं सिद्ध करायची मला गरज वाटत नाही.

दुसरा अभ्यास थेट तुमच्याबद्दल आहे. २०१० मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं की ऐकणाऱ्याचं हातातलं काम जास्त बिघडतं. पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज लागत नाही आणि डोकं आपोआप रिकाम्या जागा भरत बसतं. सर ‘हो... नाही नाही... कधी?... अरे बापरे’ म्हणतात तेव्हा तुमचं अर्ध चित्त ‘काय झालं असेल’ याच्यात जातं की नाही, आठवून बघा. वळणावर लक्ष कमी पडलं, याचा सगळा दोष तुमच्या नवखेपणाला देऊ नका.

‘तुमचा हात बसलाय.’ हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असणार, आणि वाटू दे. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. पहिल्या दिवशी गाडी रिकाम्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. तेव्हा काही बिघडलं असतं तर फार तर गाडी धक्का खाऊन बंद पडली असती. आता तुम्ही वाहत्या रस्त्यावर आहात, वेग आहे, चौक आहेत, माणसं मधे येतात. हात बसला की सरांचे हात मोकळे होतात हे बरोबर, पण डोळ्यांचं काम वाढतं. शिकाऊवर विश्वास असलेला शिक्षक ओळखायचा कसा, सांगते. तो गप्प असतो, पाय ब्रेकच्या वर अलगद धरून असतो, तुम्ही स्वतः थांबता की नाही याची एक क्षण वाट बघतो आणि तुम्ही थांबलात की पाय न दाबताच मागे घेतो. तो एक क्षण देणं हा विश्वास, आणि तो बघितल्याशिवाय देता येत नाही.

आता ते घरी न सांगितलेलं. कुणी बघत नसलं की हात थरथरत नाहीत, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मोठ्या वयात काही शिकायला घेतलेल्या पुष्कळ बायकांचं हेच असतं. चुकताना कुणी बघावं हे सहन होत नाही, मग न बघणारा माणूस सोयीचा वाटतो. पण तुम्हाला नको आहे ती टोकणी, परीक्षा घेतल्यासारखी नजर, प्रत्येक गिअरला ‘अहो, अहो’. लक्ष तुम्हाला नको आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही, नाहीतर तो चौक इतका मनात राहिला नसता. शांतता हवी आणि लक्षही हवं, असं दोन्ही एकत्र मागता येतं. ‘सर, धोका असेल तरच बोला, बाकीचं गाडी थांबवल्यावर सांगा. पण बघत राहा.’ इतकं सरळ. कुणाला ही मागणी विचित्र वाटणार नाही. उलट शिकवणाऱ्याला बरं पडतं, कारण सारखं बोलणं हेही कष्टाचं काम आहे.

याच्या जोडीला आणखी एक करून बघा. चालवताना जे दिसतंय आणि जे करताय ते स्वतःच मोठ्याने बोला. ‘पुढची बस थांबतेय, आरसा बघितला, मागे कुणी नाही, दुसरा गिअर.’ सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं. पण त्याने नजर पुढे जाते, थरथर कमी होते, आणि तुम्हाला काय दिसलं नाही हेही सरांना ऐकूनच कळतं. शिवाय (हा माझा खट्याळपणा समजा) शेजारी कुणी असं सलग बोलत असताना व्हिडिओ बघणं अवघड जातं.

सरांची बाजूही बघू. दिवसभर तेच रस्ते, तेच हाफ क्लच, त्याच चुका. पुढचा शिकाऊ ठरल्या जागी उभा आहे, ऑफिसमधून फोन येतोय की अमक्याची वेळ बदला, आणि न उचलावा तर मालक रागावणार. अनेक शाळांत वेळापत्रक सांभाळायचं काम शिकवणाऱ्याच्याच खिशातल्या फोनवर टाकलेलं असतं. तसं असेल तर अर्धा दोष व्यवस्थेचा आहे आणि तो सरांना एकट्याने सुटणारही नाही. मात्र हे कारण कॉलना लागू पडतं. ते बोट वर-खाली करणं याच्यात बसत नाही, तो निव्वळ कंटाळा आहे. म्हणून बोलताना माणूस वाईट आहे अशा सुरात बोलू नका. कामाची मांडणी बदलायची आहे, त्या सुरात बोला.

बोलायचं कधी? गाडी सुरू करायच्या आधी, चावी फिरवण्याआधी. चालत्या गाडीत हा विषय काढायचा नाही, हसत हसत तर मुळीच नाही. हसत काढलेल्या विषयाला हसण्यावारी नेणारं उत्तर मिळालं, ते तुम्ही अनुभवलंच आहे. त्यांनी काय करावं यापेक्षा तुम्हाला काय होतं ते सांगा: ‘सर, त्या चौकानंतर मला भीती बसली आहे. तुमचं लक्ष माझ्याकडे नसलं की माझं रस्त्यावरून उडतं. आपण असं करू का? गाडी चालू असेपर्यंत फोन सायलेंटवर मागच्या सीटवर. अर्जंट असला तर मला सांगा, मी गाडी कडेला घेते, तुम्ही बोला, मग पुढे जाऊ.’ बोलून झालं की गप्प बसा. आपल्याला सवय असते, की लगेच ‘नाही म्हणजे, तुम्हाला राग नको’ अशी शेपटी जोडायची. ती जोडलीत तर मागणी तिथेच विरघळली.

कडेला घेण्याची युक्ती मला विशेष आवडते, कारण ती शिकवणीच होते. आरसा, इंडिकेटर, वेग कमी, जागा हेरणं, कडेला सरळ उभी करणं, न्यूट्रल, हँडब्रेक. मग निघताना हे सगळं उलट्या क्रमाने, खांद्यावरून मागे वळून बघण्यासकट. फोन आला की एक सराव झाला. फक्त जागा सुरक्षित असेल तेव्हाच, आणि घाई न करता. चौकात, वळणावर किंवा पुलावर रिंग वाजली तर ती वाजू द्यायची. ज्यांना अजून गाडी नीट उभी करता येत नाही, अशा अगदी नव्या वाचकांनी हा मार्ग धरू नये. त्यांनी फोन बंद ठेवण्याचीच मागणी करावी.

नियमांचं बोलायचं तर, ब्रिटनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे: डिसेंबर २००३ पासून तिथे शिकाऊच्या शेजारी देखरेखीला बसलेल्या माणसालाही हातात फोन घेऊन वापरायला मनाई आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरण्याला धोकादायक चालवण्यात धरतं. शेजारच्या सीटचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम तुमच्या उपयोगाचा आहे. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवताना सोबत लायसन्सधारक शिकवणारा हवा, आणि तो गाडीवर ताबा ठेवू शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा रीतीने बसलेला हवा. मान खाली घालून पडद्यात बघणारा माणूस गाडी थांबवू शकेल अशा स्थितीत आहे का, हा प्रश्न कुणालाही विचारता येईल. हे सरांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. तुमच्या मनातलं ‘मी जरा जास्तच करतेय का’ जावं म्हणून सांगितलं.

यजमानांचा फीचा मुद्दा मला उलटा दिसतो. फी भरली आहे म्हणूनच उरलेले तास मोलाचे. त्याच नियमांत खासगी हलक्या गाडीच्या शिक्षणासाठी प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. एवढ्याशा तासांतून किती मिनिटं फोनला द्यायची? शाळेला प्रत्येक शिकाऊचे चालवल्याचे तास नोंदवायचं रजिस्टरही ठेवावं लागतं, नमुना १५ नावाचं. सही करायला पुढे आलं तर तास बघून सही करा.

एकदा नीट बोलूनही पुढच्या वेळी फोन बाहेर आला, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. शाळा चालवणाऱ्यांना भेटा आणि उरलेल्या तासांसाठी दुसरे शिक्षक मागा. कारण विचारलं तर तो चौक सांगा, तारीख-वेळेसकट. ती आजच वहीत लिहून ठेवा, आठवण पुसट होते. पुरावा म्हणून चालवता चालवता सरांचा व्हिडिओ काढायचं मनातही आणू नका. तिथेही दाद लागली नाही, तर ड्रायव्हिंग स्कूलला परवाना परिवहन कार्यालय देतं, तिथे लेखी तक्रार करता येते. तेवढी वेळ बहुधा येत नाही. बऱ्याच मालकांना आपल्या गाडीत काय चालतं याची कल्पनाच नसते, आणि कळल्यावर ते आधी स्वतःचे फोन तासांच्या मधल्या वेळेत करायला लागतात.

आणि शाळा संपल्यावरचं. यजमान शेजारी बसून सराव करून घेणार असतील, तर हीच अट त्यांनाही घाला, जास्त कडकपणे घाला, कारण घरच्या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक नाही. त्यांच्याकडे डोळे, तोंड आणि फार तर हँडब्रेक एवढंच असेल. तुमचा स्वतःचा फोनही पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर.

राहिला प्रश्न सरांच्या पोटावर पाय येण्याचा. तुम्ही तो लिहिला नाहीत, पण शांत स्वभावाचं कौतुक करून लगेच ‘कोणत्या तोंडाने बोलू’ विचारलंत, त्यात तो आहे. आधी त्यांच्याशीच, एकांतात, स्पष्ट शब्दांत बोलणं यातच त्यांची कदर झाली. तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्या नंतर त्या सीटवर बसणारी अठरा वर्षांची मुलगी बोलण्याची शक्यता तुमच्यापेक्षाही कमी आहे. उद्याचा तास असेल तर उद्याच बोला, आणि त्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं सरांना त्या चौकात घेऊन जायला सांगा. गर्दी नसलेल्या वेळी, तीन-चार फेऱ्या, उजवा पाय ब्रेकवर आणूनच वळायचं. कुठला पाय कुठे जातो ते त्यांना बघू द्या.